दुरून प्रवेशाची सोय

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि गोष्ट ऐकताना झोपलेल्या माणसाला देव उठवत नाही, शेजारी उठवतो, तेही कोपराने. पंखा हवा तर तिकडे वळवून घ्या. आज तुम्हाला एका भल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. आपल्याच लग्नाच्या बायकोचं तोंड बघायला मिळावं म्हणून त्याने काय काय खटपटी केल्या, त्याची. हसू आलं तर मोकळेपणी हसा. ज्याची गोष्ट आहे त्याला पुढे पुढे स्वतःलाही हसू यायचं. फक्त हसता हसता तो मध्येच खिडकीबाहेर बघायचा.

हा गृहस्थ छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे लिहायचं दुसऱ्याने, छापायचं तिसऱ्याने, आणि शिव्या खायच्या याने. जन्मभर लोकांच्या चुका लाल शाईने काढून काढून त्याला एक सवय लागली होती: बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, मागचे शब्द नीट बसलेत का बघायचा, आणि मगच पुढे जायचा. त्यामुळे इमारतीत त्याचं नाव पडलं स्वल्पविराम. त्याची बायको कधी थांबत नसे. पण ती बोलली की विषय संपत असे. तेव्हा ती कोण झाली असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पूर्णविराम! दोघांनाही ही नावं ठाऊक होती, आणि ठाऊक नाहीत असं दाखवण्यात दोघांचाही हातखंडा होता.

तर, पूर्णविराम लेकीकडे गेली होती. लेक दूरच्या शहरात, बाळंत झालेली. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमच्या स्वल्पविरामांचा उजवा गुडघा डॉक्टरांनी नुकताच बदललेला. म्हणून बायको गेली आणि नवरा राहिला. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," असं म्हणून ती गेली. जाताना तिने गॅसपासून कुलपापर्यंत सगळ्याबद्दल सूचना केल्या. एकट्याने संध्याकाळ कशी काढायची, तेवढं सांगायचं राहिलं.

आणि मग एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, माझी रजा संपतेय. आई अजून वर्षभर राहिली तर... म्हणजे, तुम्हाला चालेल का?"

स्वल्पविराम थांबले. मग म्हणाले, "तिला दे."

बायको फोनवर आली. "मला काय, मी छान आहे. तुम्ही म्हणाल तसं."

मंडळी, इथे त्या माणसाने फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला. 'तुम्ही म्हणाल तसं' हे शब्द या बाईच्या तोंडून सबंध संसारात निघाले नव्हते. भिंतींचा रंग तिने ठरवला, लेकीचं कॉलेज तिने ठरवलं, गुडघा बदलायचा हेसुद्धा तिनेच ठरवलं. डॉक्टर फक्त सहीला. आणि आज ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं! तिला यायचं आहे की राहायचं आहे? लेकीसाठी मन मारतेय की नवऱ्यासाठी? फोनवर ते कळणार कसं? ती तापाने फणफणलेली असतानाही 'मी छान आहे'च म्हणायची. तिचा आवाज बेलाशक खोटं बोले. तोंडाला मात्र ते कधी जमलं नाही. एकदा तोंड दिसलं की झालं. मुद्रितातली चूक दिसावी तसं त्याला सगळं लख्ख दिसलं असतं.

लेक म्हणाली, "रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करू. समोरासमोर बोला आणि तेव्हाच काय ते ठरवा. सोमवारी मला ऑफिसात सांगायचंय."

स्वल्पविरामांचा फोन बटणांचा. पण लेकीच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, टेबलक्लॉथखाली. त्यांनी तो झाडून चालू केला. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: या आवृत्तीचा आधार आता संपला आहे.

त्या रिकाम्या खोलीत हे वाक्य वाचून त्यांना वाटलं, की यंत्राला घरातलं कुणी सांगितलं?

आता कॉम्प्युटर चालवणारी नवीन सिस्टीम घ्यायची, म्हणजे कुठली घ्यायची, हा प्रश्न आला. आणि प्रश्न आला की शेजारी आलेच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर हातात कप घेऊनच उतरले.

"होम, प्रोफेशनल, एंटरप्राइज, अशा आवृत्त्या असतात," ते म्हणाले. "तुम्ही एंटरप्राइज घ्या."

"पण ती, मोठमोठ्या कंपन्यांसाठी असते ना?"

"मग? आपण काय लहान आहोत? होम म्हणजे अगदीच घरगुती हो. पत्ते खेळायचे आणि झोपायचं. माणसाने पदाला शोभेल असं घ्यावं."

"माझं पद..."

"निवृत्त असलं तरी पद ते पदच!"

एवढ्यात समोरच्या घरातल्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्या कधी आत येत नसत. दाराच्या चौकटीतूनच सगळ्या इमारतीचा कारभार बघत. "काका, विकत कशाला घेताय? माझा भाऊ येऊन चावी टाकून देईल. म्हणजे ती लायसन्सची चावी हो, आकडे असतात नुसते. एकच चावी सगळीकडे चालते. अख्ख्या इमारतीला त्यानेच टाकून दिलीय. मॅनेजरसाहेबांना पण त्याचीच आहे."

मॅनेजरसाहेबांना ठसका लागला. बराच वेळ ते कपात बघत राहिले.

स्वल्पविरामांनी वहिनींचे आभार मानले. पण हा माणूस देवभोळा, गुणगुणत जागा होणारा आणि गुणगुणत निजणारा. त्यांच्या मनात आलं, चोरीच्या चावीने दार उघडायचं, आणि आत कोणाला बघायचं, तर आपल्याच बायकोला? चोर लोक निदान परक्याच्या घरात तरी शिरतात! दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ते दुकानात गेले.

दुकानदार चहूबाजूंनी उघड्या यंत्रांनी वेढलेला होता, मध्ये बसलेल्या शल्यविशारदासारखा. मान वर न करता म्हणाला, "होम बास होईल तुम्हाला, काका."

"होम आणि प्रोफेशनल, दोहोंत फरक काय?"

"फार नाही. प्रोफेशनलमध्ये माहिती कुलूपबंद करता येते, आणि रिमोटची सोय असते. म्हणजे दुसऱ्या गावातला माणूस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येऊ शकतो. होममध्ये दुरून कोणाला आत येता येत नाही."

स्वल्पविरामांनी पिशवी खाली ठेवली. "पुन्हा सांगा."

"होममध्ये दुरून आत येता येत नाही. प्रोफेशनलमध्ये येतं."

"दुसऱ्या गावाहून?"

"दुसऱ्या देशातून पण!"

ज्याने या आवृत्तीला 'होम' नाव दिलं, त्याचं घर कसलं असेल, याचा विचार करत स्वल्पविराम क्षणभर उभे राहिले. आपल्या माणसाला दुरून आत येता येत नाही, त्याला घर म्हणायचं? "प्रोफेशनल," ते ठामपणे म्हणाले.

"बरं. आता लायसन्स दोन तऱ्हेचं असतं. एक महाग, ते उद्या तुम्ही दुसरा कॉम्प्युटर घेतलात तर याच्यावरून काढून त्याच्यावर लावता येतं. दुसरं स्वस्त, ते एका यंत्राला बांधलं की बांधलं. यंत्र गेलं की तेही गेलं."

इथे कोणाही व्यवहारी माणसाने घटकाभर विचार केला असता. पण स्वल्पविरामांना विचार करावा लागलाच नाही. आज याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर, असलं परवान्याचं वागणं त्यांना मुळातच पटलं नाही. "बांधलेलं द्या," ते म्हणाले. "एकदा ज्याचं झालं, त्याचंच राहावं."

"काका, तुम्ही लायसन्स घेताय की स्थळ बघताय?" दुकानदार पहिल्यांदा मान वर करून म्हणाला. पण गिऱ्हाईक हट्टी आहे हे बघून त्याने दिलं. वर एक कॅमेराही दिला, पडद्याच्या डोक्यावर बसवायचा.

घरी येऊन नवी सिस्टीम घालायला घेतली, तर सुरुवातीलाच पडद्यावर करारनामा आला. लांबच लांब. खाली एक चौकट: मला हे मान्य आहे. तुम्ही आम्ही काय करतो? चौकट दाबतो. आपण असं कितीदा आणि कशाकशाला मान्य म्हटलंय, ते फक्त वर बसलेल्यालाच ठाऊक. पण न वाचता मान्य करायचं हे मुद्रितशोधकाच्या रक्तातच नव्हतं. स्वल्पविराम हातपाय धुऊन, चष्मा पुसून, मांडीवर उशी घेऊन बसले, आणि त्यांनी तो करारनामा पहिल्या कलमापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चालीवर! शब्द कसलेही असोत, मोठ्याने वाचायला लागलं की त्यांना चाल सापडायचीच. समोरच्या वहिनींना वाटलं, काकांनी काही व्रतबित घेतलं असावं. त्या दाराच्या चौकटीत येऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

एका कलमापाशी वाचक थांबला. तिथे लिहिलं होतं, की हे सॉफ्टवेअर आपणास विकलेले नसून केवळ वापरण्याची परवानगी दिली आहे.

"वहिनी, ऐकलंत? विकत घेतलं तरी आपलं नाही. वापरायची परवानगी, तेवढीच."

"मग पैसे कशाचे घेतले?"

"तेच तर!" स्वल्पविरामांचे डोळे भरून आले. "या देहाचं तरी दुसरं काय आहे? वापरा, जपून वापरा, आणि मागितला की परत द्या."

"देहाचं ठीक आहे हो काका, तो फुकट मिळतो," वहिनी म्हणाल्या, आणि दूध उतू जातंय म्हणून गेल्या.

पुढच्या कलमात मात्र भक्तिभाव मावळला. एका परवान्यावर एका वेळी एकाच व्यक्तीने वापर करावा, असं तिथे होतं. एक व्यक्ती! आणि रविवारी बायको आत आली म्हणजे? आपण एक आणि ती एक. हा करारभंग तर नव्हे? ही शंका त्यांनी कागदावर टिपून घेतली, करारात राहून गेलेले दोन स्वल्पविरामही टिपले, आणि मग देवाचं नाव घेऊन चौकट दाबली.

सिस्टीम बसली. सुखरूप चालू झाली. इथे गोष्ट संपली असती, तर तुम्हालाही लवकर घरी जाता आलं असतं. पण बायको दुरून का होईना, घरात येणार होती, आणि गेल्या काही दिवसांत घराची पार रया गेली होती. स्वल्पविरामांनी ओटा घासला. पडदे धुतले. डबे उतरवून पुसले आणि ती लावायची त्याच क्रमाने परत लावले. म्हणजे त्यांना वाटलं त्याच क्रमाने. शेवटी त्यांच्या मनात आलं, की ती येणार ज्या दारातून, ते दार आतून स्वच्छ नको? त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत बघितलं, "अरेरे" म्हणाले, आणि फडकं ओलं करून आणलं.

पुढचं सांगायला नको. बटण दाबल्यावर आतून एक हलका आवाज आला, सुस्कारा टाकल्यासारखा, आणि वास सुटला.

दुकानदाराने डबा उघडून बघितला आणि मग स्वल्पविरामांकडे बघितलं. "कोणी केलं हे?"

"घरातल्याच माणसाकडून झालं," स्वल्पविराम म्हणाले. खोटं त्यात काही नव्हतं.

मदरबोर्ड गेला होता. म्हणजे आत सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती मुख्य पाटी. दुकानदाराकडे जुन्यातली एक चालू होती, ती त्याने बसवली. यंत्र घरी आलं, चालू झालं, आणि पडद्यावर लिहून आलं: हे लायसन्स दुसऱ्या यंत्राचे आहे.

तोच डबा. डाव्या बाजूला लेकीने परीक्षेच्या दिवसांत चिकटवलेलं फूलसुद्धा तसंच. आणि म्हणे दुसऱ्या यंत्राचं! मॅनेजरसाहेब हळहळले. "म्हणून म्हणत होतो, एंटरप्राइज घ्या." वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाची चावी असले चोचले करत नाही." शनिवार उजाडला होता. चोरीचा रस्ता समोरच्या दारात हात जोडून उभा होता, आणि हा माणूस त्याच्याकडे न बघता कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवत बसला होता. फोनमधलं संगीत इतका वेळ चाललं, की त्यालाही त्यांनी मनातल्या मनात शब्द बसवले.

अखेर एका बाईचा आवाज आला. घाईतला, दमलेला, पण गोड. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

स्वल्पविरामांनी सगळं सांगितलं. ओल्या फडक्यासकट.

"सर, हे लायसन्स यंत्राला बांधलेलं असतं. मदरबोर्ड बदलला म्हणजे ते यंत्र नवीन धरतात."

"बाई, माझा गुडघा बदललाय," स्वल्पविराम म्हणाले. "धातूचा बसवलाय. म्हणून बायकोने मला नवीन धरलं नाही हो. जुन्याच सगळ्या तक्रारी चालू ठेवल्या."

 पलीकडून हसू आल्याचा आवाज आला, पटकन दाबलेला. "सर, गुडघा वेगळा. हा मुख्य भाग असतो."

"मग काळीज बदललं तर? बदलतात हल्ली. त्या माणसाच्या बायकोने काय करायचं, दारातून परत पाठवायचं?"

"काका," ती म्हणाली, आणि 'सर'चं 'काका' कधी झालं ते तिलाही कळलं नसेल, "तुम्हाला एवढी घाई कशाची आहे?"

मग त्यांनी उद्याच्या रविवारचं सांगितलं. 'तुम्ही म्हणाल तसं'चं सांगितलं. तोंड बघितल्याशिवाय आपल्याला काय ते कळणार नाही आणि कळल्याशिवाय बोलता येणार नाही, हेही सांगितलं. आणि कागद पुढे ओढून ती शंकाही विचारली. "एका वेळी एकाच व्यक्तीने वापरायचं असं कलम आहे. ती आत आली तर आम्ही दोघं होऊ. त्याला वेगळं लायसन्स लागेल का? घरचीच आहे, पण नियम तो नियम."

मग तिने सावकाश समजावलं. "काका, ती आत येत नाही. नुसती दिसते. दिसायला लायसन्स लागत नाही. आणि त्यासाठी प्रोफेशनलची पण गरज नव्हती. होममध्येही दिसली असती."

"असं," स्वल्पविराम म्हणाले. आणि थांबले. "हे आमच्या मॅनेजरसाहेबांना कळण्याचं काही कारण नाही ना?"

"नाही हो." मग तिचा आवाज जरा खाली आला. "नियमात एक वाट आहे. बिघडलेला भाग नुसता दुरुस्तीसाठी बदलला असेल, तर यंत्र तेच धरता येतं. वरिष्ठांना विचारावं लागतं. थांबाल?"

"मला दुसरं काय काम आहे?"

ती विचारून आली. मग तिने पडद्यावरचे आकडे वाचायला सांगितले, आणि उलटे आपले आकडे दिले. वाचण्यात हा माणूस पक्का. एकदाही चुकला नाही. मधल्या एका थांब्यात ती म्हणाली, "माझी आई पण लांब असते. तिच्याकडे साधा फोन आहे, बटणांचा. कशी दिसते आता, काय माहीत." तिने हे सहज म्हटलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, आणि पुढचा आकडा सांगितला. शेवटचा आकडा पडला आणि पडद्यावरची तांबडी सूचना नाहीशी झाली.

रविवारी संध्याकाळी स्वल्पविराम धुतलेला सदरा घालून पडद्यासमोर बसले. मनाशी एक शब्द घोकून ठेवला होता: ये. एवढाच. तिच्या तोंडावर जरासं जरी यायचं दिसलं, तरी तो म्हणायचा. घंटा वाजली. आधी लेकीच्या घराचं छत दिसलं, मग लेकीची हनुवटी, मग सगळं गरगर फिरलं, आणि मग ती. केस कसेतरी बांधलेले, खांद्यावर झोपलेलं बाळ, त्याच्या मुठीत तिच्या गळ्याजवळचं कापड.

त्यांनी ते तोंड वाचलं. ओळ न ओळ. डोळ्यांखाली जागरण होतं, गाल बसले होते. पण लेक तान्ही असताना त्या तोंडावर जे तेज होतं, जे मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी पुन्हा बघितलं नव्हतं, ते तिथे होतं. बाळ हललं की ती बोलता बोलता थबकत होती. ती, थबकत होती! नवऱ्याची आठवणही त्या तोंडावर होती. तीही त्यांना दिसली. पण आज बाळाच्या बाजूचं पारडं जड होतं, आणि तिला ते कबूल करायचं नव्हतं.

"काय म्हणता मग?" तिने विचारलं. "येऊ?"

"राहा," ते म्हणाले.

"नक्की?"

"अगं, मला इथे काय धाड भरलीय? रोज नवीन काहीतरी चालू असतं. आता प्रोफेशनल झालोय मी."

"जरा उजेडात या बघू."

आणि मंडळी, तेव्हा कुठे त्या माणसाच्या ध्यानात आलं, की कॅमेरा आपल्याकडेही बघतोय. आठवडाभर त्याने ओटा घासला, पडदे धुतले, यंत्र जाळलं आणि पुन्हा जिवंत केलं. फक्त स्वतःचं तोंड तयार करायचं राहून गेलं होतं. त्याने दिव्याकडे सरकून फोटोसाठी हसतात तसं हसून दाखवलं. ती बघत राहिली. बराच वेळ. जी बाई कधी थांबली नाही ती थांबली, आणि ज्याचं थांबणं जगजाहीर तो घाईघाईने बोलत सुटला: गुडघ्याबद्दल, दुधाबद्दल, वहिनींबद्दल.

"वाळलात," ती शेवटी म्हणाली. "आणि तो सदरा उलटा घातलाय. बरं. राहते मी."

दोघांनीही एकमेकांचं खोटं वाचलं होतं, आणि दोघांनीही त्यावर लाल शाई फिरवली नाही. एवढ्यात बाळाने भोकाड पसरलं, तिने मान वळवली, आणि नेट अडकून चित्र तसंच थिजलं: मान अर्धी वळलेली, ओठ काही बोलायला उघडलेले. फोन करावा, बंद करून परत चालू करावं, असं त्यांना वाटलं नाही. ते बघत बसले. ती समोर असताना इतका वेळ कधी बघायला मिळालं नव्हतं. लगेच म्हणाली असती, काय बघताय, काम नाही का काही? चित्र बोलत नव्हतं, म्हणून ते बघत होते. आणि बोलत नव्हतं, म्हणूनच त्यांना पुढे बघवेना.

आता उठा मंडळी, पाय अवघडले असतील. पण उठता उठता माझं एवढं एक मागणं आहे. आज निजताना तुम्ही हात जोडाल, आपल्या दूरच्या माणसांसाठी काही मागाल, तेव्हा त्या हेल्पलाइनवरच्या बाईची आठवण ठेवा. दिवसभर ती परक्यांची दारं उघडून देते, आणि स्वतःची आई तिला दिसत नाही. स्वल्पविरामांनी फोन ठेवण्याआधी तिचं नाव विचारलं होतं. तिने सांगितलंही, पण लगेच म्हणाली, की काका, हे ऑफिसने दिलेलं नाव आहे, खरं सांगायची आम्हाला परवानगी नाही. तेव्हा नाव मला विचारू नका. नुसतं 'ती' म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळेल.